पुरानंतरची जोडणी: अकोट्यातील एका जुन्या स्टीरिओ संचाचे प्रकरण

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला आलेल्या पुराचे पाणी बडोद्याच्या अनेक वस्त्यांतील तळमजल्यांत शिरले. हे प्रकरण अकोटा भागातील अशाच एका घराचे आहे. मूळचे दांडिया बाजारातले हे मराठी कुटुंब काही वर्षांपूर्वी पूल ओलांडून अकोट्यात राहायला आले, आणि येताना घरातला जुना स्टीरिओ संचही सोबत घेऊन आले. पाणी चढू लागले तेव्हा घरातल्यांनी अ‍ॅम्प्लिफायर, टर्नटेबल, कॅसेट डेक, दोन स्पीकर आणि एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ घाईघाईने वरच्या मजल्यावर नेला. वस्तू बचावल्या. पुढे वरच्याच खोलीत एका अरुंद लाकडी कपाटात संच मांडण्यात आला. परंतु वायरी त्याच राहिल्या, म्हणजे खालच्या लांबलचक दिवाणखान्यासाठी घेतलेल्या, दीडपासून दहा मीटरपर्यंतच्या, काही ठिकाणी पिरगळून चिकटपट्टीने जोडलेल्या. उरलेली लांबी गुंडाळून अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे कोंबलेली होती.

घरातले ज्येष्ठ, ज्यांना सगळेजण नाना म्हणतात, यांची तक्रार तिहेरी होती. रेकॉर्ड लावली की गाण्याखाली सतत हमिंग, म्हणजे घूं असा आवाज, ऐकू येते; गायिकेच्या आवाजातले ‘स’ आणि ‘श’ कानाला बोचतात, आणि तरीही एकंदर आवाज मंदच वाटतो; कॅसेट लावली की एका बाजूचे गाणे दुसऱ्या बाजूला पाझरते. संच म्हातारा झाला, असा घरातल्यांचा निष्कर्ष होता. प्रत्यक्षात अ‍ॅम्प्लिफायर ठीक होता आणि तिन्ही तक्रारींचे मूळ जोडणीत आणि मांडणीत होते. मात्र तीन तक्रारींची कारणे तीन वेगळी होती, आणि ‘सगळ्या वायरी आखूड करा’ या एकाच उपायाने त्यांतली एकच पूर्णपणे गेली असती. प्रकरण लिहून ठेवण्याजोगे वाटले ते यामुळे.

आधी हमिंगचा शोध

वायर कापण्यापूर्वी हमिंग कुठून येते ते ठरवणे आवश्यक होते. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या सर्व पिना काढून, निवडीचे बटण फोनोवर (टर्नटेबलच्या इनपुटवर) ठेवून आवाज नेहमीच्या पातळीवर वाढवला, तेव्हा किंचित खरखर सोडल्यास संच शांत होता. टर्नटेबलची पिन लावताच हमिंग सुरू झाले आणि टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) धातूला बोट लावल्यावर ते बदलले. बोटाने हमिंग बदलते तेव्हा पहिला संशय अर्थच्या (अर्थिंगच्या) वायरीवर घ्यावा. टर्नटेबलहून निघणारी ती हिरवी वायर बाहेरून धडधाकट दिसत होती आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थ स्क्रूखाली व्यवस्थित आवळलेलीही होती. पण मल्टीमीटर लावल्यावर ती कधी जुळे, कधी तुटे. टोकाच्या चिमट्याजवळचे आवरण सोलले तेव्हा आतली तांब्याची तार हिरवट भुकटीत बदललेली निघाली. दमट हवेत आवरणाखाली शिरलेला ओलावा हे काम वर्षानुवर्षे गुपचूप करत असतो, आणि चिमट्याचा स्क्रू कितीही आवळला तरी त्याचा उपयोग होत नाही. वायर नवी घातल्यावर हमिंगचा मोठा भाग गेला.

उरलेले हमिंग मात्र वायरीचे नव्हतेच. कपाट अरुंद असल्यामुळे टर्नटेबल थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवला होता, आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या उजव्या अंगाला असलेला मोठा ट्रान्स्फॉर्मर नेमका कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या भागाच्या, खाली येत होता. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजमध्ये बारीक तारेची वेटोळी असतात आणि त्यांतून निघणारा सिग्नल जेमतेम चार-पाच मिलिव्होल्टचा असतो. ट्रान्स्फॉर्मरभोवतीचे ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र त्या वेटोळ्यांत सरळ शिरते. वायर दहा सेंटिमीटरची केली तरी या हमिंगमध्ये फरक पडला नसता. टोनआर्म हाताने रेकॉर्डवर आडवा फिरवत नेला असता जागेनुसार हमिंग वाढत-घटत होते, यावरून निदान पक्के झाले. टर्नटेबल डाव्या वरच्या फळीवर आणि अ‍ॅम्प्लिफायर उजव्या खालच्या फळीवर हलवल्यावर दोघांत सुमारे ४० सेंटिमीटरचे अंतर पडले आणि हमिंग कान लावून ऐकावे लागेल इतके खाली गेले.

म्हणूनच अशा कामात वस्तूंच्या जागा आधी कायम कराव्यात, आणि सुतळी लावून मोजमाप नंतर घ्यावे. उलट क्रमाने गेल्यास वायरीच वस्तूंच्या जागा ठरवू लागतात.

फोनोची वायर: इथे आखूडपणाला अर्थ आहे

टर्नटेबलची मूळ वायर कधीतरी मध्येच कापून तिला बाजारातल्या साध्या शील्डेड (तारेभोवती धातूची जाळी असलेल्या) वायरीचा तीन मीटरचा तुकडा जोडला होता. दोन्ही टोके मोकळी करून कपॅसिटन्स (वायरीची विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजला तेव्हा तो ४१० पिकोफॅरड भरला. अ‍ॅम्प्लिफायरच्या फोनो इनपुटवर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आधीच होता आणि टोनआर्ममधील तारांचे साधारण २० धरले, तर कार्ट्रिजच्या पाठीवर एकूण ५३० पिकोफॅरडचे ओझे होते.

इथे थोडे गणित मांडणे भाग आहे, कारण ‘स’ का बोचतो याचे उत्तर त्यातच आहे. जुने कार्ट्रिज झिजल्यामुळे नानांच्या नातीने अलीकडेच ऑडिओ-टेक्निकाचे व्हीएम९५ई बसवले होते. त्याच्या वेटोळ्यांचा इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला होणारा विरोध) ५५० मिलिहेन्री असून त्याला १०० ते २०० पिकोफॅरडचा भार द्यावा अशी निर्मात्याची शिफारस आहे. इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स एकत्र आले की त्यांचा एक अनुनाद तयार होतो, म्हणजे एका ठराविक वारंवारतेजवळ सिग्नल फुगू शकतो. ५३० पिकोफॅरडला तो सुमारे ९.३ किलोहर्ट्झवर येतो, आणि इनपुटचा रोध नेहमीचा ४७ किलोओहम धरल्यास त्या आसपास कागदावर साडेतीन-चार डेसिबेलांचा उंचवटा दिसतो. त्याच्या वर मात्र आवाज झपाट्याने कोसळतो. मानवी आवाजातले ऊष्म वर्ण याच पट्ट्याच्या आसपास ऐकू येतात. म्हणजे ‘स’ बोचणे आणि तरीही झांजेची, तंबोऱ्याच्या जवारीची वरची चमक हरवणे या दोन उलट वाटणाऱ्या तक्रारींचे कारण एकच होते. नानांनी दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या तेव्हा घरात कोणाला ते पटले नव्हते. त्यांच्या कानाने अचूक नोंद केली होती.

नव्या जागेत टर्नटेबलच्या खालच्या जोडपट्टीपासून अ‍ॅम्प्लिफायरच्या सॉकेटपर्यंत वळणासह ६० सेंटिमीटर वायर पुरत होती. मीटरला साधारण ६७ पिकोफॅरड कपॅसिटन्स असलेली ७५ ओहमची कोअॅक्सियल वायर वापरल्यावर वायरीचा वाटा ४० पिकोफॅरडवर आला आणि एकूण भार १६० झाला. अनुनाद १७ किलोहर्ट्झच्या जवळ सरकला आणि उंचवटा जवळजवळ सपाट झाला. ‘स’ची धार त्याच संध्याकाळी गेली.

या ठिकाणी एक सावधगिरी नोंदवतो. आखूड आणि कमी कपॅसिटन्सची वायर प्रत्येक कार्ट्रिजला मानवतेच असे नाही. १९७० च्या दशकातील शुअरच्या व्ही-१५ टाइप ३ सारख्या कार्ट्रिजला ४०० ते ५०० पिकोफॅरडचा भार अपेक्षित होता. तिथे हीच वायर लावली तर वरचा भाग उणा-अधिक होतो आणि कपॅसिटर वेगळा जोडून भार वाढवावा लागतो. जुन्या संचात जुनेच कार्ट्रिज टिकून असेल तर कात्री हातात घेण्यापूर्वी त्याचा कागद पाहावा. सिरॅमिक कार्ट्रिजचे प्रकरण तर निराळेच: त्याला मेगाओहमच्या घरातला इनपुट लागतो आणि ते फोनोच्या सॉकेटात लावायचेच नसते.

वायर विकत घेताना आणखी एक अडचण आली. सीसीटीव्हीसाठी मिळणारी कोअॅक्सियल वायर स्वस्त आणि कोणत्याही दुकानात उपलब्ध असते. परंतु तिची जाळी बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असते आणि अ‍ॅल्युमिनियमवर सोल्डर धरत नाही. सोल्डर गोळी होऊन घसरते, माणूस सोल्डरिंगची इस्त्री अधिक वेळ धरतो, आतले प्लास्टिक वितळते आणि जाळी मधल्या तारेला टेकते. दुकानातच ब्लेडने टोक सोलून जाळी तांब्याची आहे का ते पाहून घेतलेले बरे.

पाच पिनांचा डिन सॉकेट

अ‍ॅम्प्लिफायरला आजच्या गोल आरसीए सॉकेटांऐवजी जर्मन मानकाचे पाच पिनांचे डिन सॉकेट होते. युरोपीय धाटणीच्या संचांत हेच असत आणि एका प्लगमध्ये सिग्नलचे जाणे-येणे दोन्ही भागवण्याची ही पद्धत मुळात नीटनेटकेपणासाठीच होती. कॅसेट डेकला मात्र आरसीए सॉकेट होते. दोघांना जोडण्यासाठी घरात दीड मीटरची तयार वायर आणलेली होती आणि गाणे एका बाजूचे दुसऱ्या बाजूला पाझरत होते ते तिच्यामुळे. वायर उघडून पाहिल्यावर दिसले की चारही तारा एकाच समाईक जाळीखाली एकमेकींना चिकटून धावत आहेत. प्रत्येकीला स्वतःची जाळी नाही. अशा वायरीत शेजारच्या तारांमधल्या कपॅसिटन्समधून सिग्नल ओलांडून जातो, विशेषतः वरच्या स्वरांत.

डिन सॉकेटच्या टेप जोडणीत पिन ३ आणि ५ वरून अनुक्रमे डावा आणि उजवा सिग्नल डेककडून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये येतो. १ आणि ४ वरून तो रेकॉर्डिंगसाठी बाहेर जातो. २ ही पिन जाळीची. खरा घोळ आकड्यांच्या क्रमाचा आहे. अर्धवर्तुळात पिना ओळीने १, ४, २, ५, ३ अशा बसतात, आणि सोल्डर करताना आपण प्लग मागून पाहत असल्यामुळे डावे-उजवे उलटते. पिनांच्या मुळाशी आकडे कोरलेले असतात. भिंगातून ते वाचून मगच तार लावावी, चित्रावर विसंबू नये.

रेकॉर्डिंगच्या पिनांबद्दल नानांशी बोलणे झाले. डिनच्या या बाहेर जाणाऱ्या जोडणीतून, भाराच्या प्रत्येक किलोओहममागे सुमारे एक मिलिव्होल्ट इतकाच सिग्नल मिळतो. ४७ किलोओहमच्या आरसीए इनपुटला त्यातून पन्नासेक मिलिव्होल्टच पोचतात, तर डेकला त्याच्या काही पट सिग्नल हवा असतो. शिवाय मोठ्या रोधातून आलेला हा सिग्नल लांब वायरीत वरच्या स्वरांत गळतो. रेकॉर्डिंग हवेच असते तर वायर जास्तीत जास्त आखूड ठेवून मध्ये छोटा प्रीअ‍ॅम्प्लिफायर बसवावा लागला असता. नानांना कॅसेटवर आता काही भरायचे नव्हते. जे आहे ते ऐकायचे होते. त्यामुळे १ आणि ४ या पिना रिकाम्या सोडल्या आणि चार तारांऐवजी दोनच तारा, प्रत्येकीला स्वतंत्र जाळी असलेल्या, ४५ सेंटिमीटरच्या केल्या. डेकचा स्वतःचा आउटपुट रोध काही किलोओहमच असल्यामुळे या वायरीत लांबीने आवाज बिघडत नव्हता. तीन मीटर असती तरी चालले असते. इथे आखूडपणा हा केवळ कपाटातल्या शिस्तीचा प्रश्न होता, आणि तसे नानांना सांगितलेही. नाहीतर प्रत्येक वायरीमागे चमत्कार शोधण्याची सवय लागते आणि दुकानदार ती आनंदाने पोसतो.

डिन प्लग सोल्डर करताना त्याच्या पिना प्लास्टिकमध्ये रोवलेल्या असतात हे ध्यानात ठेवावे लागते. इस्त्री दोन-तीन सेकंदांपेक्षा अधिक टेकली की प्लास्टिक मऊ होऊन पिन कलते आणि पुढे सॉकेटात जात नाही. यावर जुन्या कारागिरांचा उपाय असा की, एक जादा सॉकेट शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळावे, प्लग त्यात खोचूनच सोल्डर करावे. सॉकेट पिनांना सरळही धरते आणि उष्णता ओढूनही घेते. पिनेच्या पोकळीत आधी थोडे सोल्डर भरायचे, तारेचे टोक तीन-चार मिलिमीटर सोलून त्यावरही सोल्डर चढवायचे, मग पोकळी तापवून तार आत दाबायची. थंड होईपर्यंत तार हलली तर जोड राखाडी आणि दाणेदार दिसतो. तो पुन्हा करावा. आणि टोपण तारेवर आधी ओवलेले आहे ना, हे इस्त्री लावण्यापूर्वी पाहावे.

स्पीकर, रेडिओ आणि टीव्ही

स्पीकरच्या वायरींत वेळ फार गेला नाही. जुन्या वायरी अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या आणि दहा मीटर लांब होत्या. जाऊन-येऊन त्यांचा रोध पाऊण ओहमच्या आसपास जातो आणि ८ ओहमच्या स्पीकरला तो जाणवण्याइतका आहे. त्याऐवजी दीड चौरस मिलिमीटरच्या वायरी, डाव्या स्पीकरला तीन मीटर आणि उजव्याला सव्वा मीटर अशा घातल्या. दोन्ही सारख्या लांबीच्या हव्यात असा नातीचा आग्रह होता, कारण तिने तसे वाचले होते. दोन्हींच्या रोधातला फरक ओहमच्या विसाव्या भागाएवढा निघतो, आवाजात त्याचा परिणाम डेसिबेलच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजावा लागेल. त्यासाठी पावणेदोन मीटर वायर कपाटामागे गुंडाळून ठेवणे म्हणजे सुरुवातीचीच अवस्था परत आणणे होते. दोन पिनांच्या डिन स्पीकर प्लगमध्ये चपटी बाजू ऋण आणि गोल बाजू धन असते, एवढे मात्र दोन्हीकडे सारखे राखले.

रेडिओला नकार द्यावा लागला. व्हॉल्व्हच्या रेडिओमागे पिकअपचे (रेकॉर्ड-प्लेअर जोडण्याचे) सॉकेट होते आणि त्यात मोबाइल जोडून जुन्या पेटीतून गाणी ऐकावीत अशी घरच्यांची हौस होती. पाठीचे पुठ्ठे काढून पाहिले तर हा ट्रान्स्फॉर्मरशिवायचा, एसी-डीसी दोन्हींवर चालणारा संच होता. अशा संचाची चॅसी (आतला धातूचा सांगाडा) विजेच्या एका तारेला थेट जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की चॅसीवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. पिकअपच्या वायरीतून ते मोबाइलपर्यंत, म्हणजेच हातापर्यंत पोचू शकतात. “पण आमच्याकडे कधी कुणाला शॉक बसला नाही हो,” असे नानांच्या पत्नी म्हणाल्या. बसला नाही याचे कारण लाकडी पेटी आणि बेकेलाइटची बटणे. विलगीकरण ट्रान्स्फॉर्मर बसवल्याशिवाय या रेडिओला बाहेरचे काहीही जोडायचे नाही, असे ठरले आणि पिकअपच्या सॉकेटवर टेप लावून ते बंद केले.

टीव्हीची बाब अर्धवट राहिली. सेट-टॉप बॉक्सचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरला जोडताच नवे हमिंग सुरू होत होते आणि केबलची वायर काढली की थांबत होते. केबलची जाळी रस्त्यावर कुठेतरी वेगळ्या अर्थला जोडलेली असते, अ‍ॅम्प्लिफायर घरच्या अर्थला. दोन अर्थमधल्या फरकाची धारा ऑडिओ वायरीच्या जाळीतून वाहते. याला वायरीची लांबी कारण नसते. अ‍ॅम्प्लिफायरच्या थ्री-पिनमधली अर्थची पिन काढून टाका म्हणजे हमिंग जाते, असा सल्ला शेजारून आलाच होता. हमिंग त्याने जाते हे खरे. पण ती पिन माणसाच्या जिवासाठी असते, ती काढायची नाही. केबलच्या वायरीत आयसोलेटर (दोन अर्थमधली जोडणी तोडणारे उपकरण) बसवणे हा योग्य मार्ग आहे, आणि तो मिळेपर्यंत टीव्ही या संचाला जोडलेला नाही.

मांडणी

शेवटच्या मांडणीत विजेच्या सर्व वायरी कपाटाच्या उजव्या कडेने आणि सिग्नलच्या वायरी डाव्या कडेने नेल्या. एका जागी त्यांना एकमेकींना ओलांडावे लागते, तिथे त्या काटकोनात ओलांडतात. विजेचा बोर्ड जमिनीवरून उचलून कपाटाच्या आत कमरेच्या उंचीवर ठोकला. वरच्या मजल्यावर पुराची भीती नसली तरी फरशी पुसताना सांडणारे पाणी असतेच. सिग्नलच्या वायरी कापडी वेल्क्रोच्या पट्ट्यांनी सैल बांधल्या. प्लास्टिकचे केबल टाय जुन्या, कडक झालेल्या आवरणात रुततात आणि पुढे एखादी वायर बदलायची तर ते कापताना शेजारची वायर कापली जाते, म्हणून ते टाळले.

वायरींची लांबी अगदी ताणून ठेवली नाही. अ‍ॅम्प्लिफायर एकही पिन न काढता हातभर पुढे ओढता आला पाहिजे, एवढे ढिलेपण प्रत्येक वायरीत राखले आहे. जुन्या संचाला मागून हात लावण्याची वेळ वारंवार येते, आणि ताणलेली वायर सर्वांत आधी सॉकेटाचा सोल्डर उखडते. टर्नटेबलच्या वायरीला खाली एक वळण दिले, जेणेकरून पिनेवर वायरीचे वजन येऊ नये. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदी पट्टी चिकटवून कोणती वायर कुठून कुठे जाते ते मराठीत लिहिले, आणि डिन पिनांचा क्रम एका कार्डावर काढून कपाटाच्या दारावर आतून लावला.

उरलेल्या वायरींचा प्रश्न शेवटी निघालाच. “एवढी चांगली वायर टाकू नका, उद्या लागली तर?” असे नाना म्हणाले. स्पीकरच्या जुन्या वायरी दाराच्या घंटेसाठी ठेवण्यास हरकत नव्हती. तीन मीटरची फोनोची वायर मात्र मधोमध कापूनच परत दिली, म्हणजे ती पुन्हा टर्नटेबलला लागण्याचा संभव राहिला नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या आवाजाच्या बटणाची खरखर अजून आहे. ती वायरीशी संबंधित नसल्यामुळे आतील साफसफाईसाठी वेगळी वेळ ठरली आहे.